इंद्रायणीचा बिबिमबाप

(सुरुवातीचे दहा सेकंद नुसता आवाज. गॅसवर बिडाचं भांडं, तिळाचं तेल, भात चरचरतोय.)

हा जो चर्र आवाज येतोय ना तो भाताचा आहे आणि भात कोरियाचा नाहीये, आपल्या मावळातला आहे. इंद्रायणी. डाळभाताला घेतो तोच चिकट सुगंधी तांदूळ.

सीवूड्स स्टेशनला उतरून दहा-बारा मिनिटं चालत आलात की साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवरची एक बिल्डिंग लागते, खाली तीन गाळे, एक झेरॉक्सवाला, एक मेडिकल आणि मधे हे छोटं कोरियन हॉटेल. आठ टेबलं, पांढऱ्या टाइल्स, मेन्यू क्यूआर कोडवर. भिंतीवर एकाही बँडचं पोस्टर नाही, आणि त्यावरून मालकीणबाईंच्या मुलीची अजून कुरकुर चालू असते. बिबिमबाप २२० रुपये, किमबाप, म्हणजे समुद्री शेवाळाच्या पानात गुंडाळलेला भात, १४०. हेच मॉलमध्ये खायला गेलात तर बिल बघून परत वडापावकडे वळाल.

भाव एवढा कमी कसा, हे आम्ही पहिल्याच दिवशी विचारलं. ताई हसल्या आणि सरळ किचनमध्ये घेऊन गेल्या.

(किचन. स्टीलचे दोन मोठे डबे, एकाचं झाकण लाल, एकाचं हिरवं.)

पण त्याआधी थोडं मागे जायला लागेल. ताई इथल्याच, आगरी. सिडको १९७० ची, नवी मुंबई वसवायला इथल्या गावांची भातशेती गेली, मिठागरं गेली आणि बऱ्याच वर्षांनी साडेबारा टक्के जमीन परत मिळाली, त्यातलाच हा गाळा. म्हणजे भाडं नाही, हे पहिलं उत्तर. ज्या घरात तांदूळ कधी विकत आणला नव्हता त्या घरात आता महिन्याला इंद्रायणीच्या गोणी येतात.

आता कोरियन कुठून आलं? तर भाचा रांजणगावला एका कंपनीच्या कँटीनमध्ये कामाला होता, तिथे कोरियन साहेबांचं जेवण वेगळं बनायचं, तो ते शिकला आणि लॉकडाऊनमध्ये घरी आला तेव्हा इथे ताईंच्या मुलीचं दिवसरात्र के-ड्रामा चालू होतं. मग घरात किमची, म्हणजे मिरची-मसाला लावून आंबवलेला कोबी, झाली. पहिली खराब झाली, दुसरी खारट झाली, आणि तिसऱ्या वेळी फ्रिजमध्ये बरणी फुटली. ते काय आमच्या कॅमेऱ्यात नाही, फ्रिजच्या मागच्या भिंतीवरचा हा लाल डाग तेवढा आहे.

(क्लोजअप. चायना कोबीची पानं, मधे मीठ भरणारे हात.)

हे नीट बघा. वाशीच्या मार्केटमधून आणलेला चायना कोबी उभा चिरायचा आणि पानापानात मीठ चोळायचं, देठाकडे जास्त, टोकाकडे कमी. मग सात-आठ तास तसाच ठेवायचा, मधे उलटा करायचा. देठ वाकवला आणि मोडला नाही की झालं. तोवर तांदळाच्या पिठाची पातळ पेज करून गार करायची, त्यात लसूण, आलं, मिरची. कोरियात यासाठी गोचुगारू वापरतात, बिया काढून जाडसर कुटलेली मिरची, रंग लालभडक आणि तिखटपणा बेताचा. ताई म्हणतात ही तर आपली ब्याडगीच की! मिरची पोर्तुगीजांनी इकडे आणली आणि कोरियात ती सोळाव्या शतकाच्या शेवटी पोचली असं मानतात, म्हणजे त्याआधी त्यांची किमची लाल नव्हती आणि आपलं कालवणही नव्हतं.

आणि आता हे. (मूठभर जवळा.) कोरियात किमचीत खारवलेली बारीक कोळंबी घालतात, तिला सेउजत म्हणतात. आगरी घरात जवळा असतोच. ताईंनी तो मिठात मुरवला आणि घातला, भाच्याने चव घेतली आणि म्हणे मावशे, हीच. लाल झाकणाचा डबा जवळ्याचा, हिरवा शाकाहारी, आणि दोन्हीतले चमचे चुकून एकमेकात गेले तर ताईंचा आवाज स्टेशनपर्यंत जातो.

थंडी सुरू व्हायच्या तोंडाला कोरियात घरंच्या घरं मिळून वर्षाची किमची घालतात, किमजांग म्हणतात त्याला, २०१३ साली युनेस्कोच्या यादीत आलं. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवर पापड-कुरडया करायला सगळी चाळ जमायची ना, तसलंच. फरक एवढाच की तिकडे माठ जमिनीत पुरले की महिनोन् महिने सावकाश मुरत राहतं, इथे नवी मुंबईच्या उकाड्यात दीड दिवसात बुडबुडे. हे बघा, झाकण उघडल्यावर.

(वाफ. परातीत उकड.)

ही उकड मोदकाची नाहीये. तांदूळ भिजवून, वाटून, वाफवून घ्यायचा आणि गरम असतानाच मळायचा, हाताला पाणी आणि तेल लावून, जितका मळाल तितका चिवट. मग लांब वळी वळायची आणि बोटाएवढे तुकडे. याला टोक म्हणतात. गोचुजांग, म्हणजे मिरचीची आंबवलेली घट्ट चटणी, त्यात शिजवले की टोकबोक्की. लाल टोकबोक्की १९५३ च्या सुमारास, कोरियन युद्ध संपत होतं तेव्हा, सोलच्या सिनदांग-दोंग भागात सुरू झाली असं सांगतात. म्हणजे मूळची रस्त्यावरची वस्तू, आपल्याकडे येऊन उगाच महाग झाली. आता हे टोक पॅकेटात फ्रोझन मिळतात, बहुतेक जण तेच वापरतात, ताई रोज पहाटे मळतात. मळणाऱ्या हातांचं शूट आम्ही तीन दिवस केलं, कारण त्यावरून कॅमेरा हलवावासाच वाटेना. (ताईंचं उजवं मनगट हल्ली सुजतं, डॉक्टरांनी मळणं बंद करायला सांगितलंय.)

गोचुजांग मात्र बाहेरूनच येतं, तेवढं एक.

(टेबल. वाट्या मांडल्या जातायत.)

किमची, मोड आलेले मूग, पालक, बटाटा. या वाट्यांना बांचान म्हणतात, त्यांचे पैसे नाहीत, संपलं की परत मागायचं. पहिल्यांदा आलेले काका-काकू हमखास विचारतात, याचे वेगळे लावणार का? आणि नाही म्हटल्यावर दोघं एकमेकांकडे बघतात, मग काकू हळूच वाटी पुढे करतात.

बिबिमबाप म्हणजे कालवलेला भात, नावच तसं आहे. मुलगी येऊन दाखवते, अंडं फोडा, गोचुजांग घाला आणि सगळं एकदम कालवा, वेगवेगळं खायचं नाही. कोरियात हे दगडी भांड्यात देतात. दगडी भांडं महाग, इथे बिडाचं. तळाशी भात लागतो, त्याला ते नुरुंगजी म्हणतात.

आपण खरवड म्हणतो.

(यापुढे निवेदन नाही. काका चमच्याने तळ खरवडतायत, आवाज मोठा ठेवायचा.)