इंजिन तापले, तर आधी बोटीच्या मागे पाहा

मित्रहो, समुद्रापासून इतक्या दूर नागपुरात बोटीच्या इंजिनावर व्याख्यान कशासाठी, असे आपल्यापैकी काहींना वाटत असेल. पण रामटेकजवळच्या खिंडसीसारखे जलाशय आपल्या जिल्ह्यात आहेत, तेथे बोटी चालतात आणि त्यांची इंजिने दुरुस्त करायला बहुधा मोटारगाड्यांचा मेकॅनिकच जातो. तो आधी रेडिएटर आणि पंखा शोधतो. बोटीच्या पोटात बसवलेल्या इनबोर्ड इंजिनाला हे दोन्ही नसतात. इंधनातील उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भाग थंड करणाऱ्या पाण्यातून बाहेर काढावा लागतो आणि बोटीत हे काम शेवटी तळ्याच्या पाण्याकडेच येते.

या पाण्याची वाट लक्षात ठेवली, की निम्मे काम झाले. बोटीच्या तळातील कॉकमधून, म्हणजे तोटीसारख्या झडपेतून, पाणी आत येते, गाळणीतून रबरी इम्पेलरच्या, म्हणजे पाकळ्यांच्या फिरत्या चाकाच्या, पंपात जाते, पुढे हीट एक्स्चेंजरमध्ये इंजिनात फिरणाऱ्या बंदिस्त थंडाव्याच्या पाण्याची (कूलंटची) उष्णता घेते आणि एक्झॉस्टच्या, म्हणजे धुराच्या नळीच्या, वाकणात धुरात मिसळून मागच्या बाजूने बाहेर पडते. काही जुन्या इंजिनांत एक्स्चेंजर नसतो. तळ्याचे पाणी थेट इंजिनातूनच फिरते.

म्हणून तापमानाचा काटा वर चढलेला दिसताच पाना हातात घेण्यापूर्वी मागे जाऊन एक्झॉस्टकडे पाहावे. पाणी कमी पडत असेल आणि वाफ दिसत असेल, तर दोष बाहेरच्या पाण्याच्या वाटेत आहे. पाणी भरपूर येत असूनही काटा चढत असेल, तर कूलंटची पातळी, पंप फिरवणारा बेल्ट, थर्मोस्टॅट (कूलंट ठरावीक तापला की उघडणारी झडप) आणि एक्स्चेंजर यांच्याकडे वळावे. तिसरी शक्यता अशी, की काटाच खोटे बोलत असेल. थर्मोस्टॅटच्या घरावर इन्फ्रारेड थर्मामीटर धरून ते मिनिटभरात कळते.

दुसरा प्रश्न, इंजिन कधी तापते? सुरू केल्याबरोबर तापले, तर कॉक बंद राहिलेला असतो. हे अनुभवी माणसांकडूनही घडते. चालता चालता अचानक तापले, तर प्लास्टिकची पिशवी किंवा जलपर्णी तोंडाशी अडकलेली असते, नाहीतर बेल्ट तुटलेला असतो. हळू चालवताना ठीक आणि वेग वाढवताच ताप, असे असेल, तर पाणी येते आहे पण पुरेसे येत नाही, असे समजावे. त्याची कारणे म्हणजे झिजलेला इम्पेलर, ओढीने आत चेपणारी जुनी नळी किंवा क्षार साचलेला एक्स्चेंजर. इंजिनावर जास्त भार टाकणारा, बोट ढकलणारा चुकीचा प्रोपेलरही येथे गुन्हेगार असू शकतो. गाळणी साफ केल्यानंतरच तक्रार सुरू झाली असेल, तर झाकणाचे गॅस्केट, म्हणजे फट बंद करणारी चकती, पाहावे. तेथून हवा शिरली, की पंप पाणी ओढत नाही.

क्षारांचे वेगळे सांगायला नको. आपल्या कूलरच्या ताट्यांवर उन्हाळ्याअखेर जो पांढरा थर बसतो, तसाच थर एक्स्चेंजरच्या नळ्यांत बसतो, आणि पातळ थरही उष्णता अडवतो. गंजरोधक म्हणून एक्स्चेंजरमध्ये बसवलेला जस्ताचा तुकडा मात्र खाऱ्या पाण्यासाठी असतो. गोड्या पाण्यात जस्तावर पापुद्रा धरून तो निकामी होतो. तेथे उत्पादकाने चालते म्हटले असेल, तर मॅग्नेशियमचा वापरावा. समुद्रकाठच्या सूचना जशाच्या तशा येथे लावू नयेत, असे माझे मत आहे.

थर्मोस्टॅटची शंका असेल, तर तो पातेल्यातील पाण्यात थर्मामीटरसह तापवून पाहावा. उघडण्याचे तापमान बहुधा त्यावरच कोरलेले असते. तो काढून टाकून बोट चालवण्याचा उपाय सर्रास केला जातो, तो मला मान्य नाही. त्याने इंजिन थंडच चालते, लवकर झिजते आणि खरा दोष झाकला जातो. गरम इंजिनाच्या कूलंटचे झाकण मात्र कधीही उघडू नये. अर्धा बार जादा दाबाखाली पाणी सुमारे 111 अंश सेल्सियसला उकळते, म्हणजे 105 अंशांचे शांत दिसणारे पाणी झाकण सुटताच उसळून अंगावर येते. इंजिन निवल्यावर झाकण उघडून मग ते सुरू करून पाहता कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येत असतील, तर सिलिंडरच्या डोक्याखालचे हेड गॅस्केट गेल्याची शंका घ्यावी.

इम्पेलरला पाणीच वंगण असते. टाकी कोरडी पडून कूलरचा पंप जळालेला नागपूरकरांनी पाहिलाच आहे. इम्पेलर तर कोरडा फिरला, की काही क्षणांतच फाटू लागतो. एका जलाशयावर मला बोलावले, तेव्हा तेथे नवा थर्मोस्टॅट, नवा इम्पेलर आणि नवा बेल्ट बसवून झाला होता, तरी वेग वाढवताच काटा चढत होता. मी जुना इम्पेलर मागवला. कचऱ्याच्या डब्यातून तो मिळाला, आणि त्याच्या तीन पाकळ्या नव्हत्या. एक्स्चेंजरचे झाकण काढले, तेव्हा त्या तिन्ही पाकळ्या नळ्यांच्या तोंडाशी एकावर एक बसलेल्या सापडल्या.