सकाळी बेळगावची, रात्री कोल्हापूरची

श्रोतेहो, नमस्कार. बेळगावात माझं औषधांचं दुकान आहे. दुपारच्या सुट्टीत मी बीपी असलेल्या वयस्कर मंडळींच्या घरी जातो. बीपी मोजतो, वजन बघतो आणि घरातल्या औषधांची पिशवी समोर ओतायला लावतो. ती पिशवी दुकानात कधी पुरी येतच नाही, म्हणून घरी जायचं. ऑस्ट्रेलियात २००१ पासून ही सरकारी सोय आहे. डॉक्टर चिठ्ठी देतात आणि फार्मासिस्ट घरी येऊन एकूण एक औषध तपासतो. आपल्याकडेही व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

वजन आणि बीपीचं नातं तुम्हाला ठाऊक आहेच. किलोभर वजन उतरलं की वरचा आकडा साधारण एकानं उतरतो. पण साठी-सत्तरीच्या पुढं उपाशी ठेवून वजन उतरवलं तर चरबीबरोबर अंगातलं मांसही जातं, आणि माणूस पडतो.

आता अण्णांची गोष्ट सांगतो. राजहंसगडाच्या बाजूचं गाव. त्यांच्या सूनबाई दुकानात आल्या. "मामंजींचं वजन वाढत चाललंय, बीपीवाल्यांना चालंल अशी वजनाची पावडर द्या." मी म्हटलं, पावडर राहू दे, मीच घरी येतो.

अण्णा पडवीत खुर्चीवर, पाय खाली सोडून बसलेले. चपलेचा पट्टा पायात रुतलेला. घोट्यावर अंगठा दाबला, तर खळगा तसाच राहिला. रोज शेतापर्यंत जाऊन येणारा माणूस, पण उठलं की डोकं गरगरतं म्हणून चालणं बंद. वजन वाढतंय म्हणून घरच्यांनी भात तोडलेला, दूध तोडलेलं, दोनाची एक भाकरी केलेली. बिचारे काही बोलत नव्हते.

"औषधं आणा," म्हटलं. सूनबाईंनी फडताळातली पिशवी आणली. अण्णा म्हणाले, "ती बेळगावची. कोल्हापूरची देवघरात हाय."

कोल्हापूरची? लेक तिकडं दिलेली. दिवाळीत अण्णा तिच्याकडं गेले, तिथं बीपी वाढलं, तिथल्या डॉक्टरांनी गोळी दिली. तेव्हापासून लेक दर महिन्याला गोळ्या पाठवते. "सकाळी बेळगावची घेतो, रात्री कोल्हापूरची. बेळगावची बीपीची, कोल्हापूरची डोक्याची."

दोन्ही स्ट्रिपा कात्रीनं कापलेल्या, नावं अर्धी तुटलेली. खिडकीपाशी नेऊन चंदेरी कागदावरची बारीक अक्षरं एकेक करून लावली. एकीवर बीपीची दोन औषधं, टेल्मिसार्टन आणि अ‍ॅम्लोडिपिन. दुसरीवर नुसतं अ‍ॅम्लोडिपिन. कंपन्या दोन, रंग दोन, औषध एकच! आपल्या भागात तर औषधाचं नाव कन्नड आणि मराठी दोन्हींत, ठळक छापलं पाहिजे. म्हाताऱ्या डोळ्यांना ती मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं कशी दिसणार?

अ‍ॅम्लोडिपिन चांगलं औषध आहे. पण डोस वाढला की काहींच्या घोट्यांना सूज येते, आणि बीपी फार खाली गेलं तर उठताना गरगरतं. गरगरलं की अण्णा 'डोक्याची' गोळी आणखी नेमानं घ्यायचे. गरगरीनं चालणं सुटलं, चालणं सुटलं म्हणून वजन वाढलं, त्यात सुजेची भर, आणि शिक्षा झाली भाकरीला.

मी गोळी बंद केली नाही, तो अधिकार डॉक्टरांचा. तिथूनच त्यांच्या बेळगावच्या डॉक्टरांना फोन लावला, कोल्हापूरची गोळी त्यांनी थांबवली. पुढं सूज ओसरली. दुसरी भाकरी ताटात परत आली, सोबत मुगाची उसळ. अण्णा आधी मारुतीच्या देवळापर्यंत, मग शेतापर्यंत चालू लागले, आणि वजन त्यानंतर सावकाश उतरलं.

देवळावरून आठवलं. शहरात नवी घरं बांधताना कट्टा ठेवतच नाहीत. वाटेत टेकायला जागा नसेल तर म्हातारं माणूस घराबाहेर पडेल कसं? बांधणाऱ्यांनी याचा विचार करावा.

तर, श्रोतेहो, ताटातली भाकरी तोडण्याआधी औषधांची पिशवी ओता. परत सांगतो, आधी पिशवी. फडताळातली, देवघरातली, उशाखालची, लेकीनं पाठवलेली, सगळी औषधं एकाच डॉक्टरांना नाहीतर फार्मासिस्टला दाखवा. गुडघ्यासाठी रोज घेतलेली दुखीची गोळीसुद्धा अंगात पाणी धरू शकते आणि बीपी वाढवू शकते, तीही दाखवा. पाण्यात फसफसणाऱ्या बहुतेक गोळ्या-पुड्यांत सोडियम, म्हणजे बीपी वाढवणारा मिठातलाच घटक, असतं. मीठ दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चमचाभरही नाही, आणि त्यात लोणचं, पापड, सांडगे, खारातल्या मिरच्या सगळं आलं. कमी सोडियमचं मीठ मात्र डॉक्टरांना विचारूनच आणा. त्यात पोटॅशियम असतं, आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल तर ते रक्तात साठू शकतं.

वजन सकाळी, पोट साफ झाल्यावर, एकाच काट्यावर करा आणि वहीत लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पाय सुजले, दम लागला, तर ते खाण्यानं नव्हे. त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि गोळी कुठलीही असो, मनानं बंद करू नका. नमस्कार.