सोपे वाटणारे शब्दच जास्त घोटाळा करतात

जनजागृती दिनांच्या तारखांमागे बहुतेक वेळा काही ना काही कारण असतं. २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन, कारण १८८२ साली याच तारखेला रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. १४ नोव्हेंबर मधुमेहाचा, कारण तो इन्शुलिनच्या शोधातल्या फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्मदिवस. १४ जून रक्तदात्यांचा, कारण त्या दिवशी रक्तगट शोधणारे कार्ल लँडस्टायनर जन्मले. तारीख इतकी विचारपूर्वक निवडली जाते. पण त्या दिवशीच्या फलकावरचा शब्द वाचणाऱ्याच्या मनात काय म्हणून उतरतो, हे फारसं कुणी तपासत नाही. आज बोलायचं आहे ते त्याविषयी.

अगदी अवघड शब्दाची मला तितकीशी काळजी वाटत नाही. 'हिमोग्लोबिनोपॅथी' ऐकलं की माणूस थांबतो, विचारतो. आपल्याला कळलेलं नाही, एवढं तरी त्याला कळतं. घोटाळा होतो तो कळल्यासारख्या वाटणाऱ्या शब्दांमुळे. 'क्रॉनिक' म्हणजे गंभीर, असं अनेकांना वाटतं. खरा अर्थ जुनाट, दीर्घकाळ चालणारा. 'अ‍ॅक्यूट' म्हणजे अचानक उद्भवलेला. 'पॉझिटिव्ह' म्हणजे काहीतरी चांगलं, ही बोलण्यातली सवय. रिपोर्टमध्ये मात्र त्याचा अर्थ 'जे शोधत होतो ते सापडलं' एवढाच.

'निगेटिव्ह' त्याहून फसवा. तो सांगतो 'सापडलं नाही'. आपण ऐकतो 'नाहीच'. १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, तपासणी करून घेणाऱ्यांना हा फरक सांगायलाच हवा. एचआयव्हीचा संसर्ग झाल्यावर चाचणीत तो दिसू लागेपर्यंत काही दिवस जातात. त्याला विंडो पिरियड म्हणतात. शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत केलेली अँटिजेन-अँटिबॉडी चाचणी (विषाणूचा अंश आणि त्याविरुद्ध शरीरात बनणारी प्रतिपिंडं, दोन्ही शोधणारी) साधारण १८ ते ४५ दिवसांनी संसर्ग पकडते. बोटातून थेंब घेऊन केलेल्या झटपट चाचणीला ९० दिवसांपर्यंतही लागू शकतात. म्हणून रिपोर्ट हातात देताना 'संसर्गाची शक्यता शेवटची कधी आली होती?' हे विचारावं आणि पुन्हा तपासणीची तारीख तिथल्या तिथे लिहून द्यावी. नुसतं 'निगेटिव्ह आहे' म्हणून पाठवलं, तर दहा दिवसांपूर्वी संसर्ग झालेला माणूस निर्धास्त होऊन घरी जातो.

२९ सप्टेंबरच्या हृदय दिनाला दोन शब्दांची सरमिसळ होते: हार्ट अटॅक आणि कार्डिअ‍ॅक अरेस्ट. हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूला रक्त पोचवणारी वाहिनी तुंबते. माणूस बहुधा शुद्धीवर असतो, छातीत दडपण येतं, घाम फुटतो. अरेस्टमध्ये हृदय रक्त ढकलायचंच थांबतं, आणि माणूस काही सेकंदांत बेशुद्ध पडतो. पहिल्यातून दुसरं होऊ शकतं, म्हणून गोंधळ आणखी वाढतो. पण करायचं ते वेगळं असतं. शुद्धीवर असलेल्याला बसवून, हालचाल न करू देता, तातडीची मदत बोलवायची. हाक मारून, खांदे हलवूनही प्रतिसाद नाही आणि श्वास नीट चालत नाही, तर मदत बोलवून लगेच छाती दाबायला लागायचं: तळहाताचा मनगटाजवळचा भाग छातीच्या मधोमध, मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जाईल इतका जोर, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. इथे हमखास होणारी चूक अशी, की अशा माणसाला सुरुवातीला अधूनमधून आचके येतात, आणि बघणारे 'श्वास चालू आहे' म्हणून थांबतात. तो श्वास नव्हे. फलकावर एकाच वाक्याला जागा असेल, तर हे लिहा.

आता आकडे. समजा कागदावर ७.२ लिहिलंय. ते एचबीएवनसी, म्हणजे मधुमेहासाठीच्या एका रक्तचाचणीतली टक्केवारी असेल, तर गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर साधारण १६० मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर आली. तेच ७.२ मिलिमोल प्रति लिटरमधली त्या क्षणाची साखर असेल, तर अठराने गुणा: सुमारे १३०. एकच आकडा, दोन निराळ्या गोष्टी. शिवाय एचबीएवनसी लाल पेशींवर मोजतात, आणि त्या पेशी जगतात सुमारे १२० दिवस. नुकताच मोठा रक्तस्राव झाला असेल, तर पेशी नव्या असतात आणि आकडा खोटा कमी येतो. लोहाच्या कमतरतेत तो खोटा वाढू शकतो. म्हणून आकड्यापुढे चाचणीचं नाव आणि एकक लिहिणं ही किमान गरज आहे.

'धोका निम्म्यावर आला' हे वाक्यही असंच अर्धं. हजारात दोघांऐवजी एकाला आजार झाला तरी निम्मा, दोनशेंऐवजी शंभर जणांना झाला तरी निम्माच. किती जणांपैकी किती, हे सांगितल्याशिवाय ऐकणाऱ्याला काही ठरवता येत नाही.

मजकूर कळतो की नाही हे तपासायची रीत साधी आहे, फक्त 'समजलं का?' असं विचारू नका. त्याला उत्तर बहुधा 'हो' असंच येतं; न कळल्याचं चारचौघांत कबूल करायला माणूस संकोचतो. त्याऐवजी मजकूर वाचून दाखवा, कागद खाली ठेवा आणि म्हणा, 'हे घरी कसं सांगाल? मी नीट सांगितलं की नाही, तेच बघायचंय.' परीक्षा सांगणाऱ्याची आहे हे कळलं की समोरचा मोकळा होतो. तो जे शब्द वापरेल ते लिहून घ्या, कारण तुमच्या मजकुरापेक्षा ते बरेचदा नेमके असतात. वैद्यकाशी संबंध नसलेल्या पाच जणांना असं विचारायला तासभर पुरतो, आणि तो तास मजकूर छपाईला जाण्याआधीच काढावा लागतो.