पहिल्या रीफ टँकमध्ये कोणाशेजारी कोण?

[दृश्य: दगड, वाळू आणि पाणी असलेला टँक. मासा एकही नाही.]

हा रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळ) आणि मासे एकत्र ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक, सुरू होऊन सहा आठवडे झाले. पंप चालू आहे, हीटरने पाणी २५ अंशांवर धरलं आहे, खारटपणा समुद्राइतकाच, म्हणजे लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम. मासा मात्र अजून आणलेला नाही, आणि ते अगदी बरोबर आहे. लाइव्ह रॉकच्या, म्हणजे जिवाणू वसलेल्या सच्छिद्र दगडाच्या, छिद्राछिद्रांत जिवाणूंची वस्ती वाढते आहे. माशांच्या उत्सर्जनातून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, दुसरा त्या नायट्राइटचं नायट्रेट करतो. पहिले दोन माशांना विषारी आहेत. मुद्दाम घातलेला अमोनिया एका दिवसात संपला आणि चाचणीत दोन्ही शून्य दिसले, की टँक तयार झाला असं समजायचं.

मग आपण दुकानात जातो, आणि पहिल्या रीफ टँकचं बरंवाईट बहुतेकदा तिथेच ठरतं.

[दृश्य: दुकानातल्या काचेमागे काळा मासा, अंगावर तीन पांढरे ठिपके.]

हा डॉमिनो डॅमसेल. अंगठ्याच्या नखाएवढा, काळाभोर, कपाळावर एक आणि दोन्ही कुशींवर एकेक पांढरा ठिपका. स्वस्त असतो आणि सहज मरत नाही, म्हणून नवख्याच्या हातात हाच पहिला पडतो. पण तो १२-१४ सेंटीमीटरपर्यंत वाढतो, ठिपके फिके होतात आणि सगळा टँक त्याला आपल्याच मालकीचा वाटू लागतो. नंतर आलेल्या प्रत्येक माशाला तो पळवून पळवून हैराण करतो. साफसफाईसाठी आत घातलेल्या हातालाही चावतो. त्याला पकडायचं तर सगळे दगड उपसावे लागतात. डॅमसेलमध्ये मवाळ जातीही आहेत; निळ्या अंगाचा, पिवळ्या शेपटीचा डॅमसेल त्यातल्या त्यात बरा. तरीही पहिला मासा म्हणून डॅमसेल घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. काटक असणं आणि शेजारधर्म पाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खरेदी करताना पहिली दिसते, दुसरी दिसत नाही.

मग निवडायचं कसं? मासा मोठा होऊन केवढा होईल, हे आधी विचारायचं. तो काय खातो, हे त्यानंतर. आणि त्याला टँकमधली नेमकी कुठली जागा हवी, हे शेवटी. या तिसऱ्या प्रश्नाकडे लोक फारसं लक्ष देत नाहीत. बहुतेक मारामाऱ्या मात्र त्यातूनच होतात.

आकाराचं लवकर आटोपतं. गडद निळ्या अंगाचा, पिवळ्या शेपटीचा ब्लू टँग लहानपणी तळहातावर मावतो. पूर्ण वाढला की ३० सेंटीमीटरच्या घरात जातो आणि दिवसभर लांबच लांब पोहतो. दीडशे लिटरच्या टँकमध्ये त्याला कोंडणं हा अन्याय आहे. ‘मोठा झाला की बघू’ म्हणून आणलेला टँग त्याच टँकमध्ये खंगत जातो.

खाण्याचंही तसंच. बटरफ्लाय फिशच्या बऱ्याच जाती कोरलचे पॉलिप, म्हणजे कोरल ज्यांनी बनतं ते इवले जीव, टिपून खातात. ट्रिगरफिशला कोळंबी आणि खेकडे आवडतात. लायनफिशच्या तोंडात मावेल तो मासा त्याचा घास. बुटक्या एंजलफिशचा नेम नाही. एखादा वर्षभर गुणी राहतो आणि मग एके दिवशी कोरल कुरतडू लागतो. उलट अडचण मँडरिनची. निळ्या-नारिंगी नक्षीचा हा मासा कोणाच्या वाटेला जात नाही. पण तो दगडांवरचे डोळ्यांना जेमतेम दिसणारे कोपेपॉड नावाचे जीव दिवसभर वेचत असतो, आणि नव्या टँकमध्ये ते पुरेसे नसतात. आजूबाजूला इतर मासे पोटभर खात असताना मँडरिन उपासमारीने मरतो. वर्षभर मुरलेला, भरपूर दगडांचा टँक होईपर्यंत त्याचा मोह आवरा.

[दृश्य: दगडाच्या कपारीत जांभळा-पिवळा मासा, पोट वर करून.]

आता जागेचं बघू. हा रॉयल ग्रामा, कॅरिबियन समुद्रातला. पुढचं अर्धं अंग जांभळं, मागचं पिवळं. तो उलटा दिसतोय म्हणून घाबरू नका. कपारीच्या छताकडे पोट करून पोहणं ही त्याची नेहमीची रीत आहे. त्याला हवी ती एक कपार. दुसरा कोणी तिच्या तोंडाशी आला की तो जबडा वासून दाखवतो, आणि बहुतेकदा तेवढ्यावर भागतं. म्हणून ग्रामा एकच ठेवायचा. एकाच जातीचे, एकाच ठेवणीचे किंवा एकच जागा मागणारे दोन मासे लहान टँकमध्ये हमखास भांडतात.

फायरफिश कपारीवर हक्क सांगत नाही. तो दगडांच्या पुढे, मोकळ्या पाण्यात तरंगत प्रवाहातून येणारं खाणं टिपतो. पाठीवरचा लांब काटा सारखा वर-खाली होत असतो. धोका वाटला की जवळच्या भोकात सुळकन शिरतो. भोक सापडलं नाही तर पाण्याबाहेर उडी मारतो, आणि सकाळी जमिनीवर वाळलेला सापडतो. टँकवर बारीक जाळीचं झाकण हवंच. त्याशिवाय फायरफिश आणू नका.

[दृश्य: वाळूतल्या बिळाच्या तोंडाशी पिवळा गोबी. मागे कोळंबी. कॅमेरा खूप जवळ.]

तळाला राहतो पिवळा वॉचमन गोबी. याच्याशी थोडं थांबू या. गोबी बिळाच्या तोंडाशी बसलाय, अंगावर बारीक निळे ठिपके. त्याच्या मागून वाळू लोटत येतेय ती पिस्टल श्रिंप. या कोळंबीला फार कमी दिसतं, पण बीळ खणण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. बाहेर येताना तिची एक मिशी गोबीच्या अंगाला टेकलेली असते. बघा, आत्ता टेकली. वरून सावली गेली की गोबी शेपटी थरथरवतो आणि कोळंबी तत्क्षणी आत जाते. एकाने पहारा करायचा, दुसरीने घर बांधायचं. मधूनच टँकमधून ‘टक्’ असा आवाज येतो, काच तडकली की काय असं वाटायला लावणारा. तो कोळंबीच्या मोठ्या नांगीचा असतो. नांगी इतक्या वेगाने मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होतो आणि फुटतो.

ही जोडी ठेवायची तर दगड आधी थेट टँकच्या तळावर बसवायचे आणि वाळू मागून घालायची. वाळूवर ठेवलेल्या दगडाखाली कोळंबीने खणलं तर रचना कोसळते आणि दोघंही त्याखाली सापडू शकतात.

म्हणजे कपारीत ग्रामा, मधल्या पाण्यात फायरफिश, वाळूत गोबी. एकाची जागा दुसऱ्याला नको आहे.

[दृश्य: नारिंगी-पांढऱ्या क्लाउनफिशची जोडी.]

आता सगळ्यांच्या मनातला मासा. ऑसिलॅरिस क्लाउनफिश नवख्यांसाठी खरोखरच उत्तम आहे. टँकमध्येच जन्मलेली पिल्लं सहज मिळतात. ती समुद्रातून पकडलेली नसतात आणि गोळ्यांचं, गोठवलेलं खाणं त्यांच्या सवयीचं असतं. समुद्रात क्लाउनफिश ज्यात राहतो त्या, फुलासारख्या दिसणाऱ्या ॲनिमोनी या प्राण्याची त्यांना टँकमध्ये गरज नसते, आणि नव्या टँकमध्ये ॲनिमोनी टिकणंही अवघड. क्लाउनफिशची सगळी पिल्लं आधी नरच असतात. दोघांतलं वरचढ मोठं होऊन मादी बनतं, दुसरं नर राहतं. म्हणून दोन लहान पिल्लं घ्यायची, एक थोडं मोठं, एक लहान. दोन वाढलेल्या माद्या एकत्र आल्या तर एक मरेपर्यंत झुंज चालते. क्लाउनफिशच्या दोन जातीही एकत्र नकोत. आणि मरून क्लाउन तर शांत टँकमध्ये नकोच. त्याची मादी फार आक्रमक असते.

दीडशे लिटरच्या टँकला एवढी मंडळी पुरे. आता आणायचं कोणत्या क्रमाने?

सगळ्यात भित्रा आधी. फायरफिश आणि गोबी पहिले, मग ग्रामा, क्लाउनची जोडी शेवटी. आधी येणारा जागा धरतो; दांडगा आधी आला तर भित्र्याला कोपराही उरत नाही. दोन माशांच्या मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या, म्हणजे जिवाणूंची वस्तीही वाढलेल्या भाराला पुरी पडते. कोणाला सिक्स लाइन रास हवाच असेल, तर तो सगळ्यांच्या नंतर. कोरलवरचे चपटे किडे तो खातो, पण लहान टँकमध्ये नव्या माशांचा छळही करतो. मी स्वतः तो लहान टँकसाठी सुचवत नाही.

[दृश्य: रिकाम्या काचेचा छोटा टँक, स्पंज फिल्टर, पाइपचे तुकडे.]

हा क्वारंटाइन टँक. प्रत्येक नवा मासा आधी इथे वेगळा ठेवायचा, साधारण चार आठवडे. दुकानात तो खाताना पाहिल्याशिवाय घ्यायचा नाही, आणि घेतल्यावर थेट मुख्य टँकमध्ये सोडायचा नाही. अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके आणणारा सागरी व्हाइट स्पॉट एका माशाबरोबर येतो आणि सगळ्यांना लागतो. त्यावरचं तांब्याचं औषध रीफ टँकमध्ये घालता येत नाही, कारण ते कोळंबी, गोगलगायी आणि कोरल मारतं. एकदा रोग आत शिरला की सगळे मासे बाहेर काढून टँक सुमारे अडीच महिने माशांविना ठेवावा लागतो. त्यापुढे चार आठवड्यांची वाट काहीच नाही.

नवा मासा सोडल्यावर दिवे मंद ठेवा. पहिले एक-दोन दिवस थोडी पळापळ होते, तेवढ्याने घाबरायचं नाही. खाणं टाकताना नीट बघा. पर फाटलेत का, एखादा कोपऱ्यात दबून राहून खायलाच येत नाही का? तसं असेल तर छळणाऱ्याला भोकांच्या पारदर्शक डब्यात घालून आठवडाभर टँकमध्येच अडकवून ठेवा, आणि तेवढ्यात एक-दोन दगड हलवा. त्याने आखलेल्या हद्दी मोडतात. त्यानेही भागलं नाही, तर दोघांपैकी एकाला दुसरं घर शोधावं लागेल. ते मिळेपर्यंत त्याला ठेवायला जागा हवी, म्हणून शेवटचा मासा आणून झाल्यावरही क्वारंटाइनचा तो छोटा टँक मोडू नका.