ग्लास तोच, पोट नवं

[दृश्य : पांढरं टेबल. त्यावर रेड वाईनचा एक ग्लास. शेजारी श्वास तपासायचं यंत्र. त्याची प्लॅस्टिकची नळी अजून पाकिटातच.]

या ग्लासात साधारण १५० मिलिलीटर वाईन आहे. हा ग्लास तीनदा प्यायचा आहे, पण एका बैठकीत नाही. एकदा वजन कमी करण्याच्या ऑपरेशनआधी, एकदा ऑपरेशननंतर ३ महिन्यांनी आणि एकदा ६ महिन्यांनी.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात गॅस्ट्रिक बायपास करून घेणाऱ्या १९ जणांनी नेमकं हेच केलं. २०११ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. ऑपरेशनआधी ग्लास रिकामा केल्यावर यंत्रावरचा रक्तातल्या दारूचा आकडा सरासरी ०.०२४ टक्क्यांपर्यंत चढला. तीन महिन्यांनी तेवढ्याच वाईनवर तो ०.०५९ झाला. सहा महिन्यांनी ०.०८८.

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा ०.०८ आहे. म्हणजे ही माणसं एका ग्लासात ती ओलांडून बसली होती. आकडा पुन्हा शून्यावर यायला आधी ४९ मिनिटं लागायची. सहा महिन्यांनी ८८ लागली.

[दृश्य : पाकीट फाडून नळी यंत्राला लावणारे हात. मग जठराचं रेखाचित्र.]

दारू पोटात गेली की काय होतं, ते आधी पाहू. जठर म्हणजे एक पिशवी. तिच्या खालच्या तोंडाशी एक झडप असते आणि ती आतला ऐवज लहान आतड्यात थोडा थोडा सोडते. दारू रक्तात उतरते ती मुख्यतः लहान आतड्यातून. जठरात ती जितका वेळ अडकून राहील तितकी हळू चढते. शिवाय जठराच्या अस्तरात अल्कोहोल डिहायड्रोजिनेज नावाचं एन्झाइम असतं. ते थोडीफार दारू तिथल्या तिथे मोडून टाकतं. पोटात अन्न असेल तर झडप आणखी सावकाश काम करते. ‘उपाशीपोटी घेऊ नकोस’ हा सल्ला पिणारेही देतात आणि न पिणारेही देतात. त्याच्यामागे ही झडप आहे.

आता बायपास. जठराच्या वरच्या टोकाशी एक चिमुकली पिशवी वेगळी करतात. तिच्यात १५ ते ३० मिलिलीटर मावतं, फार तर दोन मोठे चमचे. लहान आतडं मध्ये कापून त्याचं एक टोक वर आणतात आणि थेट या पिशवीला जोडतात. उरलेलं मोठं जठर शरीरातच राहतं, पण अन्नाच्या वाटेवर राहत नाही. आतड्याच्या या इंग्रजी वाय आकाराच्या जोडणीला सेझार रू या स्विस सर्जनचं नाव आहे. वजन कमी करण्यासाठी बायपासची कल्पना मात्र १९६६ची, आयोवा विद्यापीठातल्या एडवर्ड मेसन आणि चिकाशी इतो यांची.

अन्नाची वाट बदलली तशी दारूचीही बदलली. घोट गिळला की तो चिमुकल्या पिशवीतून जवळजवळ न थांबता आतड्यात उतरतो. झडप वाटेत लागत नाही. एन्झाइम असलेलं अस्तर बहुतेक सगळं मागे राहिलेलं असतं. आपल्याला लवकर चढते म्हणून लोक लिव्हरवर संशय घेतात. या गोष्टीत लिव्हरचा दोष नाही. पूर्वी तिच्यापुढे काम थोडं थोडं यायचं, आता सगळं एकदम येऊन पडतं. त्यात वजन उतरलेलं असतं, म्हणजे शरीरातलं पाणीही घटलेलं असतं, आणि दारू पसरते ती पाण्यातच. उतरलेल्या वजनात चरबीच जास्त असते आणि चरबीत पाणी कमी, त्यामुळे या कारणाचा वाटा लहान आहे. पण आहे.

[दृश्य : हाताच्या शिरेतली सुई. रक्ताच्या छोट्या नळ्या ओळीने. प्रत्येकीवर मिनिटांचा आकडा.]

किती लवकर चढते, हे सेंट लुईसमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या अभ्यासात दिसतं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बायपास झालेल्या ८ स्त्रियांना दोन पेगांइतकी दारू १० मिनिटांत प्यायला दिली आणि लगेच रक्ताचे नमुने घ्यायला सुरुवात केली. बायपास अजून न झालेल्या ९ स्त्रियांना तेवढीच दारू दिली. बायपासवाल्या गटात रक्तातली पातळी ग्लास खाली ठेवल्यावर काही मिनिटांतच टोकाला गेली, आणि ते टोक दुसऱ्या गटाच्या जवळपास दुप्पट उंच होतं. दोन पेगांनी चार पेगांचं काम केलं.

स्लीव्ह करून घेतलेली माणसं हे ऐकून निर्धास्त होतात. स्लीव्ह हे वजन कमी करण्याचं दुसरं ऑपरेशन, शब्दाचा अर्थ बाही. जठराचा ७५ ते ८० टक्के भाग उभा कापून काढतात आणि उरतं ते बाहीसारखं निमुळतं जठर. यात आतड्याला हात लावत नाहीत, झडपही जागेवर राहते. मग काय बिघडलं? सुरुवातीच्या काही अभ्यासांतही फारसा फरक दिसला नव्हता. पण त्यांतल्या बऱ्याच अभ्यासांची मोजणी श्वासाच्या यंत्रावर झाली होती. प्यायल्यावर तोंडात दारूचा अंश राहतो, म्हणून फुंकर मारायला दहा-पंधरा मिनिटं थांबावं लागतं. स्लीव्हनंतर पातळी तेवढ्या वेळात टोकाला जाऊन उतरणीलाही लागलेली असते. २०१८ मध्ये थेट रक्त घेऊन मोजलं तेव्हा स्लीव्हचा आकडा बायपासच्या शेजारी जाऊन बसला. याच अभ्यासात श्वासाचं यंत्र पातळी सुमारे पाव हिश्श्याने कमी दाखवत होतं.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टर बहुतेक ठिकाणी सांगतात, नंतर सहा महिने ते वर्षभर दारूला हात लावू नका. सोडा आणि फेसाळ पेयं नकोत, कारण गॅसने ती पिशवी फुगते. गोड कॉकटेल नको, कारण साखरेचा लोंढा एकदम आतड्यात गेला की घाम फुटतो, छाती धडधडते आणि पोटात मुरडा येतो. एक ग्रॅम शुद्ध अल्कोहोलमधून ७ कॅलरी मिळतात, त्यात प्रोटीन शून्य. हे सगळं बरोबर आहे. फक्त ‘सहा महिने’ हे शब्द ऐकणाऱ्याच्या मनात फार विचित्र रुजतात. जखम भरली, आता पूर्ववत, असं त्याला वाटतं. पण स्टॅनफर्डचे आकडे आठवा. तिसऱ्या महिन्यापेक्षा सहाव्या महिन्यात आकडा जास्त होता. पथ्य संपतं, नवी वाट राहते.

[दृश्य : कॅलेंडरची पानं. सुरुवातीच्या पानांवर तपासणीच्या तारखांना गोल. पुढची पानं कोरी.]

अमेरिकेत १० रुग्णालयांतल्या रुग्णांवर कित्येक वर्षं लक्ष ठेवलं गेलं. २०१२ मध्ये त्यातल्या १,९४५ जणांचे आकडे आले. ऑपरेशनच्या आधीच्या वर्षात ७.६ टक्के लोकांना दारूची समस्या होती. ऑपरेशननंतरच्या पहिल्या वर्षी ७.३ टक्के. दुसऱ्या वर्षी ९.६.

दोन टक्क्यांचा फरक, यात एवढं काय, असं वाटेल. मला यातलं वर्ष महत्त्वाचं वाटतं. पहिल्या वर्षी वजनकाटा रोज नवं बक्षीस देतो, जुने कपडे सैल होतात, दवाखान्याच्या फेऱ्या चालू असतात, भेटेल तो कौतुक करतो. दुसऱ्या वर्षी काटा थांबतो. कौतुक संपतं, फेऱ्याही विरळ होतात. आणि ग्लास नेमका तेव्हा हातात येतो.

पुढे २०१७ मध्ये त्याच अभ्यासाचा लांबचा हिशेब आला. आधी समस्या नसलेल्यांपैकी बायपासनंतर पाच वर्षांत सुमारे पाचात एकाला ती जडल्याची लक्षणं दिसली. जठराभोवती आवळणारा नुसता बँड बसवलेल्यांमध्ये हे प्रमाण त्याच्या निम्म्याच्या आसपास होतं. पुरुष, तरुण, सिगारेट ओढणारे आणि आधीपासून नियमित घेणारे यांना धोका जास्त. यादीत आणखी एक नोंद आहे आणि ती वाचून मी थांबलो होतो : ज्यांना आपलं हक्काचं कुणी आहे असं वाटत नाही, त्यांनाही.

यावर एक ठरलेलं वाक्य ऐकू येतं. ‘खाणं सुटलं म्हणून पिणं लागलं.’ एक व्यसन गेलं, दुसरं आलं. काहींच्या बाबतीत खरं असेलही. पण एवढ्यावर विषय मिटवला की दोष सगळा माणसाच्या मनावर जातो आणि त्याच्या पोटात काय केलंय ते विसरलं जातं. बँडवाल्यांचंही खाणं सुटलेलंच असतं. बँडने पिशवी आवळली जाते, आतड्याची वाट बदलत नाही.

[दृश्य : प्रयोगशाळेतला पिंजरा. उंदीर छोटी कळ दाबतो.]

शिवाय उंदरांचं काय करायचं? बायपास केलेले लठ्ठ उंदीर दारूकडे जास्त वळले. त्यांना ना पार्टीला जायचं असतं, ना एकटेपणा विसरायचा असतो. २०१३च्या एका प्रयोगात तर दारू उंदरांच्या थेट शिरेत सोडली जात होती, म्हणजे पोटाचा संबंधच नाही. तरी बायपासवाले ती जास्त घेत होते. याचा अर्थ बदल आतड्यापाशी थांबत नाही. भुकेचं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठरात तयार होतं आणि ते मेंदूतल्या बक्षिसाच्या वाटेवरही काम करतं. संशोधकांचं लक्ष तिकडे आहे.

चटकन चढणं हाही सापळाच. जे नशेचं द्रव्य मेंदूत झपाट्याने पोचतं, त्याची ओढ जास्त लागते. बायपासनंतर झिंग येते तशी पटकन ओसरतेही. डोकं मोकळं झाल्यासारखं वाटतं, हात पुन्हा बाटलीकडे जातो. रक्तातला आकडा मात्र अजून खाली आलेला नसतो.

[दृश्य : रात्र. सोफ्यावर आडवा झालेला माणूस. जेवणाची ताटं अजून टेबलावर. मागे पाहुण्यांचं हसणं.]

हे दृश्य आम्ही नट घेऊन चित्रित केलं आहे. जेवण होऊन दोनेक तास झालेत. त्याने एकच ग्लास घेतला होता. आता तो अडखळत बोलतोय. कपाळावर घाम आहे, हात थरथरतोय. कुणीतरी म्हणतं, ‘असू दे, झोपू दे त्याला. सकाळपर्यंत उतरेल.’

बायपास झालेल्या काहींना वर्षभरानंतर एक त्रास सुरू होतो. जेवल्यावर एक ते तीन तासांनी रक्तातली साखर एकदम खाली जाते. अशा वेळी लिव्हर नवी साखर बनवून सावरते. दारू पोटात असली तर लिव्हरचं हेच काम मंदावतं. साखर उतरलेला माणूस आणि दारू चढलेला माणूस सोफ्यावर अगदी सारखे दिसतात. त्यात तोंडाला वास येत असला, की साखर तपासायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही. बोटाला सुई टोचून एक थेंब रक्त काढलं तर मिनिटभरात कळतं. बेशुद्ध असेल तर त्याच्या तोंडात काही न घालता रुग्णवाहिका बोलवायची.

दुसरी भानगड थायमिनची, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाची. शरीरातला त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांत संपतो. ऑपरेशननंतर आहार तुटपुंजा, कुणाला उलट्यांचा त्रास, त्यावर दारू. तीही थायमिन शोषू देत नाही. मग चाल डळमळते, एकाची दोन दिसायला लागतात, बोलण्यात गोंधळ होतो. इथेही लोक म्हणणार, प्यायलाय. या आजाराला कार्ल व्हेर्निके या डॉक्टरचं नाव आहे, वर्णन १८८१चं. उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाते. आणि नुसत्या ग्लुकोजच्या सलाईनने तो बळावू शकतो, आधी थायमिन द्यावं लागतं. म्हणून दवाखान्यात नेणाऱ्याने पहिल्या वाक्यात सांगायचं : याचं वजनाचं ऑपरेशन झालंय.

बायपास झालेल्या पाचांपैकी चौघांना दारूची समस्या जडली नाही, हेही इथेच सांगायला हवं. ऑपरेशनने कित्येकांचा मधुमेह आटोक्यात येतो, आयुष्य वाढतं. ते करू नका असं ही फिल्म म्हणत नाही. ज्याला आधीपासून दारूचा त्रास आहे त्याने ऑपरेशननंतर तिच्या वाटेलाच जायचं नाही. बाकीच्यांनी एका ग्लासानंतरही स्टिअरिंगवर बसायचं नाही. याबाबतीत मला दुसरं मत ऐकायचीही इच्छा नाही.

[दृश्य : दवाखान्यातली खुर्ची. मांडीवर पुठ्ठा, त्यावर प्रश्नावली. पेनाचं टोक पहिल्या प्रश्नावर.]

दारूची समस्या ओळखण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८०च्या दशकात १० प्रश्नांची एक चाचणी तयार केली. नाव ऑडिट. ती जगभर वापरतात, वर सांगितलेल्या १० रुग्णालयांच्या अमेरिकन अभ्यासातही तीच होती. वजनाचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झालेली एक बाई ती भरते आहे असं समजू.

पहिला प्रश्न : किती वेळा घेता? ती खूण करते, महिन्यातून दोन ते चार वेळा.

दुसरा : घेता त्या दिवशी साधारण किती पेग? पहिलाच पर्याय आहे, ‘एक किंवा दोन’. तिचे दोनच असतात. या उत्तराला गुण शून्य.

तिसरा : एका बैठकीत सहा किंवा अधिक पेग कितीदा होतात? ती विचारही करत नाही. ‘कधीच नाही.’ पुन्हा शून्य.

पेन पुढच्या प्रश्नावर जातं. आतापर्यंतची तिची तिन्ही उत्तरं खरी आहेत.