आज पहिल्यांदा पाहणाऱ्यासाठी

श्रोतेहो, सप्रेम नमस्कार.

दूरचित्रवाणीवरील एखादी मालिका कित्येक दशके चालत राहते, तेव्हा एकाच पडद्यासमोर तिचे दोन अगदी वेगळे प्रेक्षक बसलेले असतात. एकाला तिची सारी वंशावळ तोंडपाठ असते. दुसऱ्याने ती आज पहिल्यांदा लावलेली असते. एकाला ओळखीच्या खुणा पाहायच्या असतात, तर दुसऱ्याला त्याच खुणांमुळे आपण परक्या घरी आल्यासारखे वाटू शकते. या दोघांना सांभाळायचे म्हणजे थोडे जुने आणि थोडे नवे असे प्रमाण जमवायचे, असा एक सर्वसाधारण समज आहे. मला तो पटत नाही. जुने किती घेतले, यापेक्षा जे घेतले ते आजच्या गोष्टीत कोणते काम करते, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो आणि आज मी त्याविषयीच बोलणार आहे.

या बाबतीत सर्वांत अधिक शिकवून जाणारी मालिका म्हणजे बीबीसीची ‘डॉक्टर हू’. ती 23 नोव्हेंबर 1963 रोजी सुरू झाली. तिचा नायक असलेल्या ‘डॉक्टर’ची भूमिका करणारे विल्यम हार्टनेल 1966 मध्ये मालिकेतून बाहेर पडले, तेव्हा निर्मात्यांनी एक विलक्षण युक्ती योजली. हा नायक परग्रहावरचा असल्यामुळे त्याचे शरीर जीर्ण झाले की ते बदलते, असे त्यांनी ठरवले आणि पॅट्रिक ट्राउटन हे नवे नट त्याच भूमिकेत आले. नायक तोच राहिला. चेहरा आणि स्वभाव मात्र नवे झाले. त्यामुळे ठरावीक काळाने नव्या प्रेक्षकाला आत यायला आपोआप वाट मिळू लागली. तरीही ही वाट पुरेशी नव्हती, कारण ती असूनही मालिका 1989 मध्ये बंद पडली.

बंद पडण्याची कारणे अनेक होती; सगळ्यांची चर्चा येथे करता येणार नाही. परंतु त्यापूर्वीच्या काळातील एक उदाहरण आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याशी आहे. 1985 च्या आरंभी ‘सायबरमन’ नावाच्या यंत्रमानवांची एक कथा दाखवण्यात आली आणि तिची बरीचशी मांडणी 1966 आणि 1967 मधील दोन जुन्या कथांवर उभी होती. यातली 1967 ची कथा त्या वेळी खुद्द बीबीसीच्या संग्रहातही शिल्लक नव्हती. चित्रफिती महाग असत, साठवायला जागा कमी असे आणि कार्यक्रम पुन्हा दाखवण्याचे अधिकार मर्यादित असत, म्हणून त्या काळात असंख्य भाग पुसून टाकले गेले होते. ती कथा हाँगकाँगमध्ये सापडली, तीसुद्धा 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला. म्हणजे 1985 च्या प्रेक्षकाने मनात आणले असते, तरी ती मागची गोष्ट पाहून घेणे त्याला शक्य नव्हते. अठरा वर्षांपूर्वी ज्यांनी ती पाहिली आणि लक्षात ठेवली, अशा मोजक्या लोकांसाठी लिहिलेला तो मजकूर लाखो लोकांसमोर सादर झाला. स्मरणरंजन चुकते ते असे. तेथे आठवण ही केवळ माहिती होऊन बसते, आणि ज्याच्यापाशी ती माहिती नाही त्याला गोष्टीतून काहीच मिळत नाही.

26 मार्च 2005 रोजी ही मालिका पुन्हा सुरू झाली, तेव्हा तिचे लेखक रसेल टी. डेव्हिस यांच्यापुढे 26 वर्षांचा जुना इतिहास होता. तो त्यांनी टाकून दिला नाही. फक्त त्याचे स्थान बदलले. पहिल्या भागात कॅमेरा डॉक्टरच्या मागे न जाता लंडनमधील एका दुकानात काम करणाऱ्या रोझ नावाच्या तरुणीच्या मागे जातो. तिच्यावर हल्ला करणारे दुकानातले प्लास्टिकचे पुतळे हे 1970 पासूनचे जुने शत्रू आहेत, पण त्यांचा पूर्वेतिहास कोणी सांगत बसत नाही, कारण पुतळे जिवंत होतात यातली भीती कोणालाही आपोआप समजते. डॉक्टरचा ग्रह युद्धात नष्ट झाला आणि आपल्या लोकांपैकी तो एकटा उरला, एवढेच पुढे कळते. त्या ग्रहाचे नाव जुन्या प्रेक्षकांना चांगले ठाऊक होते; नव्या मालिकेत मात्र ते 2006 च्या नाताळच्या विशेष भागापर्यंत उच्चारलेच गेले नाही. जाणकाराला त्या मौनात पूर्वीचे सगळे आठवत होते, आणि नवख्याला फक्त एक शोकाकुल माणूस दिसत होता. हे दोन्ही अनुभव पूर्ण होते. त्यांपैकी कोणताही दुसऱ्याचा पुरवणी भाग नव्हता.

2005 मध्येच 30 एप्रिलला डालेक हा धातूच्या कवचातला, मालिकेतला सर्वांत प्रसिद्ध शत्रू परतला. लेखक रॉबर्ट शिअरमन यांनी त्याची फौज न आणता साखळदंडांनी जखडलेला एकच डालेक आणला. अंधाऱ्या खोलीत त्याचा आवाज ऐकताच तोपर्यंत हसतखेळत संकटांना सामोरा गेलेला डॉक्टर दारावर मुठी आपटू लागतो. धातूच्या त्या डब्यात भिण्यासारखे काय आहे, हे नव्या प्रेक्षकाला ठाऊक नसते, पण डॉक्टरला एवढे घाबरलेले पाहून त्याच्याही पोटात गोळा येतो. रोझला मात्र त्या बंदिवानाची दया येते आणि ती त्याला हात लावते. श्रोतेहो, माझ्या मते हा प्रसंग संपूर्ण विषयाचे उत्तर देऊन जातो. जुना प्रेक्षक डॉक्टरच्या जागी आहे, नवा रोझच्या जागी आहे, आणि पुढे जे घडते ते या दोघांच्या ज्ञानातील अंतरामुळेच घडते. ज्या फरकाची निर्मात्यांनी धास्ती घ्यावी, तोच येथे कथानकाचे इंधन झाला आहे.

पुढच्या वर्षी हाच विचार अधिक कोमल रीतीने आला. 1970 च्या दशकात डॉक्टरची सोबतीण असलेली पत्रकार सारा जेन स्मिथ 2006 मधील एका भागात परत आली. एलिझाबेथ स्लेडन यांनीच ती पुन्हा साकारली. डॉक्टरने आपल्याला मागे सोडले आणि पुन्हा कधी वळून पाहिले नाही, ही तिची व्यथा समजायला 1976 चा निरोपाचा प्रसंग पाहिलेला असण्याची गरज नव्हती, कारण ती व्यथा रोझच्या भविष्याविषयी बोलत होती. उद्या आपलेही असेच होणार का, हा रोझचा प्रश्न होता, आणि नव्या प्रेक्षकाला रोझची काळजी होती. पुढे 2007 मध्ये सारा जेनच्या नावाने मुलांसाठी स्वतंत्र मालिका निघाली, आणि तीस वर्षांपूर्वीचे पात्र एका नव्या पिढीचे स्वतःचे पात्र झाले.

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी अंतराळ-मालिकेचा मार्ग वेगळा होता. 1966 मध्ये सुरू झालेली मूळ मालिका 79 भागांनंतर 1969 मध्ये थांबली, आणि पुनर्प्रक्षेपणामुळे तिचा चाहतावर्ग उलट वाढला. 1987 मध्ये ‘द नेक्स्ट जनरेशन’ आली, ती कथेच्या काळाने सुमारे शतकभर पुढे नेऊन ठेवलेली. पहिल्या भागात मूळ मालिकेतला, डीफॉरेस्ट केली यांचा मॅकॉय वृद्ध रूपात क्षणभर दिसतो, पण कोणी त्याचे नावही घेत नाही. मूळ मालिकेतले स्पॉकसारखे लाडके पात्र तर पाचव्या पर्वापर्यंत आले नाही. तोवर नव्या जहाजावरची माणसे आपली झाली होती, म्हणून पाहुण्याने घर बळकावले नाही. याच घराण्यातील ‘एंटरप्राइज’ या मालिकेच्या 2005 मधील अंतिम भागात नेमके उलटे झाले. ‘द नेक्स्ट जनरेशन’मधला रायकर ‘एंटरप्राइज’मधल्या माणसांची गोष्ट आभासी दृश्यरूपात पाहतो आहे अशी रचना केली गेली, आणि चार पर्वे सोबत केलेली मुख्य पात्रे स्वतःच्याच निरोपाच्या भागात दुय्यम ठरली. तो निर्णय मला आजही अन्यायाचा वाटतो.

आता परिस्थिती बदलली आहे. 2023 मध्ये बीबीसीने ‘डॉक्टर हू’चे आठशेहून अधिक जुने भाग आपल्या ऑनलाइन सेवेवर ठेवले. पूर्वी जाणकाराची स्मृती हेच संग्रहालय होते. आता ते घराघरात आहे. त्यामुळे ‘हवे तर मागचे पाहून घ्या’ असे म्हणण्याचा मोह निर्मात्यांना होतो. 2024 मध्ये नव्या प्रेक्षकांसाठी पर्वांची गणना पुन्हा एकपासून सुरू झाली. शूटी गॅटवा यांचा डॉक्टर ताजातवाना आणि मनमोकळा होता. पण त्या पर्वाच्या अखेरचा मोठा धक्का सुतेख या 1975 मधील खलनायकाच्या पुनरागमनावर बेतलेला होता, आणि अंतिम भागाच्या तोंडावर ती जुनी कथा संक्षिप्त रूपात पुन्हा दाखवली गेली. हेतू निश्चितच चांगला होता. तरीही ज्याला आपण पहिले पर्व म्हणून आत बोलावले, त्याला शेवटच्या टप्प्यावर पूर्वतयारी सांगणे, हा क्रम मला चुकीचा वाटतो. संग्रह खुला असणे ही कुतूहल जागे झालेल्या माणसासाठी सोय आहे. कुतूहल जागे करण्याचे काम चालू भागानेच करायला हवे.

मुलांच्या मालिकांना हे फार पूर्वी उमगले होते, कारण त्यांचा प्रेक्षक दर काही वर्षांनी मोठा होऊन निघूनच जातो. 1969 पासून चाललेल्या ‘सेसमी स्ट्रीट’मधला बिग बर्ड हा बाहुला-पक्षी कायम सहा वर्षांचा आहे. जपानमधील ‘सुपर सेंटाई’ या 1975 पासूनच्या मालिकेत तर साधारण दरवर्षी वीरांचा संपूर्ण चमूच बदलत असे. 2011 मध्ये तिच्या पस्तिसाव्या मालिकेत, ‘गोकायजर’मध्ये, आधीच्या 34 चमूंना मानवंदना द्यायची होती. त्यासाठी लेखकांनी नायक म्हणून अंतराळातले चाचे निवडले. ते पृथ्वीवर खजिन्याच्या शोधात येतात आणि येथील वीरांविषयी त्यांना फारसे काही माहीत नसते. जुना एकेक वीर भेटत जातो, तसतसे ते त्याच्याविषयी शिकत जातात, आणि पाच-सहा वर्षांचा मुलगाही त्यांच्याबरोबर शिकतो.

पोकेमॉन नावाच्या अद्भुत प्राण्यांच्या ‘पोकेमॉन’ या जपानी कार्टून मालिकेने याहून धाडसी पाऊल उचलले. 1997 पासून त्या मालिकेचा नायक असलेला, जगभर अ‍ॅश म्हणून ओळखला जाणारा सातोशी सतत दहा वर्षांचाच राहिला होता आणि त्याच्यासोबत वाढलेली मुले आता स्वतः पालक झाली होती. 2022 मध्ये त्याला कथेत जगज्जेतेपद मिळाले आणि मार्च 2023 मध्ये त्याची गोष्ट थांबवण्यात आली. पुढच्याच महिन्यात सुरू झालेल्या मालिकेत पिकाचू हा सर्वांत ओळखीचा पोकेमॉन आहे, पण तो सातोशीचा पिकाचू नाही. डोक्यावर टोपी घातलेला तो एका उडत्या जहाजाचा कप्तान आहे. जुन्या प्रेक्षकाला ओळखीचे रूप लगेच दिसते, आणि तरीही या पिकाचूला स्वतःचे वेगळे काम आहे. नायिका लिको ही शाळकरी मुलगी आहे. तिला तिचा पहिला पोकेमॉन नुकताच मिळालेला आहे, तो तिचे ऐकत नाही, आणि त्याच्याशी मैत्री कशी करायची हे तिला अजून कळलेले नाही. नव्या प्रेक्षकालाही ते ठाऊक नसते.

धन्यवाद, श्रोतेहो.