तुमचं ‘पण’, आमचं ‘खरं’

नमस्कार मंडळी. बसा, बसा. मागं वड्याच्या रांगेत जे उभे आहेत त्यांनी रांग सोडू नका, मी पंचवीस वर्षं बेळगावात गणपतीच्या मांडवात गायलोय, समोर कुणी खात नसलं तर मलाच कसंतरी होतं.

आत्ता अध्यक्षांनी ओळख करून देताना ‘सीमाभागाचा बुलंद आवाज’ असं काहीतरी म्हटलं. हा आवाज पट्टीच्या जरा वर नेला की कसा फाटतो ते माझ्या बँडला विचारा. आणि आमच्याकडं ‘बँड’ म्हटलं की अजून लोक विचारतात, वरातीचा का? भाषण मी तयार करून आणलं होतं, विमानात बसून सात पानं लिहिली, सीमाभागातली मराठी गाण्याची परंपरा वगैरे. ते बॅगेतच आहे. कारण परवा रात्री मी ज्यांच्याकडं उतरलोय त्यांच्या नऊ वर्षांच्या लेकीनं जेवताना एक वाक्य टाकलं आणि तेव्हापासून मला दुसरं काही सुचेना झालंय.

झालं असं की वहिनींनी माझं गाणं लावलं होतं, तेच, आईचं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या फोनमध्ये आहे म्हणे, असू दे, त्याचे मला जे पैसे मिळतात त्यात दुसऱ्या गेटाजवळ दोन चहा येतात, तिसरा उधार. तर गाणं चालू, आणि तेवढ्यात आमच्या ढोलकीवाल्याचा फोन आला. तिकडं बेळगावात पहाट होती, त्याला झोप येत नव्हती. मी आपला नेहमीसारखा सुटलो, काय करुलालास, झोप की रे, पाऊस लागलाय काय, येतो खरं पैशाचं बघ आधी, असं. पाचेक मिनिटं. फोन ठेवला तर ती पोरगी माझ्याकडं टक लावून बघतेय. म्हणाली, “काका, तुम्ही गाण्यात आमच्या मराठी शाळेच्या बाईंसारखे बोलता. फोनवर मस्त बोलता.”

बाई इथंच बसल्यात, दुसऱ्या ओळीत. बाई, रागावू नका, ती तुमची तक्रार नव्हती, माझी होती.

आता त्या गाण्याची गोष्ट सांगतो म्हणजे कळेल मला कुठं लागलं ते. पहिल्यांदा पुण्याला रेकॉर्डिंगला निघालो तेव्हा आई स्टँडवर आली होती. आपला जुलैचा पाऊस, छत्री उलटी झालेली, हातात कुंद्याचा डबा. ती म्हणाली, “जा, खरं लवकर ये. मी वाट बघतो.” हे ‘खरं’ म्हणजे तुमचं ‘पण’. आणि ‘बघतो’ म्हणाली, कारण आमच्याकडच्या बायका तसंच म्हणतात, माझी आजी पण ‘मी आलो’ म्हणायची आणि कुणाला काही वाटायचं नाही. निपाणीपर्यंत त्या दोन ओळींना चाल लागलेली होती, दादऱ्यात, सहा मात्रांत बरोबर बसलेली.

स्टुडिओ तासावर घेतलेला. तिथं जे गृहस्थ होते, नाव कशाला, कामाला चोख माणूस, त्यांनी काचेपलीकडून बटण दाबून सांगितलं, “खरंच्या जागी पण घ्या, लोकांना कळायचं नाही. आणि आई आहे ना, मग बघते म्हणा.” घड्याळ पळतंय, तासाचे पैसे चौघांच्या खिशातनं काढलेले. मी म्हटलं, बरोबर आहे की. आता गंमत बघा, ‘खरं’ला तीन मात्रा आहेत, ख ची एक, रं च्या दोन. ‘पण’ला दोनच. म्हणजे एक मात्रा पडली, ओळीत भोक राहिलं. आमच्या ढोलकीवाल्यानं तिथं एक छोटा तुकडा टाकून ते भोक बुजवलं. आज जिथं जाईन तिथं लोक येऊन सांगतात, काय तो ढोलकीचा तुकडा, वा! अहो तो तुकडा नाही, ते आईचं बोलणं कापलेल्या जागेवर लावलेलं ठिगळ आहे.

रेकॉर्ड घरी लावली. आई पोळ्या लाटत होती, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “चांगलंय. खरं ही कुणाची आई रे?”

मी हसलो तेव्हा. घरी सगळेच हसले. हा किस्सा मी कार्यक्रमात सांगून टाळ्यासुद्धा घेतल्यात कितीतरी वेळा, इतका निर्लज्ज. परवा त्या पोरीनं तेच म्हटलं आणि हसू आलं नाही.

बँडबद्दल सांगायचं तर आम्ही चौघं. ढोलकीवाला बैलहोंगलकडचा, घरात कानडी, मराठी गाण्याचे शब्द माझ्यापेक्षा त्याला जास्त पाठ. बेसवाला कॅम्पातला, रविवारी सकाळी चर्चमध्ये वाजवतो म्हणून आम्ही रविवार सकाळचा कार्यक्रम आजवर घेतलेला नाही. कीबोर्डवाला उद्यमबागेत फौंड्रीत, त्याची शिफ्ट बघून सराव. बेसवाला आणि मी एकदा मानधनाच्या वाटणीवरनं असे भांडलो की दीड वर्ष बोललो नाही, खरं वाजवत होतो, स्टेजवर एकमेकांकडं बघून वाजवत होतो आणि खाली उतरलं की तो त्याच्या स्कूटरवर मी माझ्या. पुढं त्याचे वडील गेले, मी गेलो, त्यानं दार उघडलं आणि म्हणाला केबल आणलीस काय माझी. संपलं भांडण.

एक नोव्हेंबर, कर्नाटक राज्याच्या स्थापनेचा दिवस. काळा दिन म्हणून आम्ही मराठी घरात बसतो आणि त्याच दिवशी ढोलकीवाल्याला राज्योत्सवाच्या ऑर्केस्ट्राची सुपारी असते, डबल रेट. संध्याकाळी तो मिठाई घेऊन माझ्याकडं येतो. त्याला शिव्या घालू की मिठाई खाऊ? मी दोन्ही करतो. आमचं गाव असंच आहे, बाहेरनं बघणाऱ्याला एक भांडण दिसतं, आत राहणाऱ्याला ढोलकीवाला लागतो. आता परंपराच म्हणाल तर विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 1843 ला मराठी नाटक उभं केलं ते कारवारकडून आलेल्या भागवत मंडळींचे कानडी खेळ बघून. संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्कर त्याच साली जन्मले, आमच्या गुर्लहोसूरला. गाणारे कुमार गंधर्व सुळेभावीचे. ही सात पानांपैकी एवढीच वाचून दाखवतो, बाकीची तुम्हाला माफ.

रेकॉर्डिंग आता घरीच करतो. मागच्या खोलीत भिंतींना आजीच्या वाकळा टांगल्यात, आवाज घुमू नये म्हणून, पावसाळ्यात त्यांना असा वास येतो की एक ओळ गायची आणि बाहेर यायचं. रेल्वे जवळच, त्यामुळं माझ्या निम्म्या गाण्यांत नीट कान दिला तर गाडीचा भोंगा सापडेल. पोट त्यावर नाही भरत. पोट भरतं लग्नांवर, जिंगलवर आणि शिवजयंतीच्या चित्ररथांचे संवाद रेकॉर्ड करून देण्यावर. मी आजवर अफझलखान किती वेळा झालो असेन! महाराज व्हायला कुणी देत नाही, माझे उच्चार शुद्ध नाहीत म्हणतात.

बघा, आलो परत तिथंच.

तुम्हाला थोडं बोलू का? घरचा समजून. मंडळाला बेळगावचा माणूस आठवतो तो सीमाप्रश्न पेटला की. मग निरोप येतो, एखादं अंगार गाणं घेऊन या. आणि मानधन विचारलं की, आपलाच कार्यक्रम आहे हो. गाताना एखादा शब्द आमच्याकडचा आला की पहिली ओळ हसते. वाईट मनानं नाही हसत, मला ठाऊक आहे, गोड वाटतं तुम्हाला. खरं आमची भाषा स्टेजवर आली की विनोदालाच येते, तिच्यात कुणी मेलंय, कुणी कुणावर जीव टाकलाय, असं ऐकायची कुणाला सवयच नाही. आणि तुमची पोरं. आल्यापासून बघतोय, पोरगं तोंड उघडतं आणि चार मोठी माणसं त्याचं लिंग, वचन दुरुस्त करायला धावतात. पोरगं इंग्रजीत जातं, तिथं कुणी धावत नाही. मी कोण सांगणारा म्हणा, मी तर स्वतःच्या आईचं व्याकरण दुरुस्त करून बाजारात विकलं.

काल रात्री झोप लागेना म्हणून घरी फोन लावला. लेकाला म्हटलं, ते आईचं गाणं परत करूया, आजी म्हणाली होती तसं, खरं आणि बघतो ठेवून. सोळा वर्षांचा आहे, त्याच वाकळांच्या खोलीत बसून बीट करतो. तो म्हणाला, “करूया, पण बाबा, तसं आता कोण बोलतं?” 

पण म्हणाला. माझ्या घरात, माझा मुलगा. त्यानं कधीपासून पण म्हणायला सुरुवात केली ते मला आठवेना, मी बहुतेक तेव्हा कार्यक्रमाला गेलो होतो. आजीला फोन दे म्हटलं तर ती झोपली होती.

ढोलकीवाल्याला विचारलं, तुकडा काढून टाकला तर चालेल काय रे, तिथं आता शब्द येतोय. एवढी वर्षं ज्या तुकड्यासाठी लोक त्याला ओळखतात तो. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “अड्डी इल्ल.” म्हणजे, हरकत नाही. रेकॉर्ड कधी होईल, लोक ऐकतील का हसतील, मला सांगता येत नाही.

सराव काहीच नाही, सोबत ढोलकी पण नाही, टेबलावरच ठेका धरतो. त्या पोरीला इथं पुढं बसवा जरा. पेटीवाले काका, काळी एक द्या. आणि वड्याची रांग, पाच मिनिटं तेवढी.